अठरा खऱ्या कोचांना बारा खोट्या कोचांचं खुलं पत्र

प्रति,
एएफएलच्या (म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या) अठराही क्लबांचे माननीय हेड कोच साहेब
(तस्मानियाची टीम 2028 ला येतेय म्हणतात, त्यांच्या साहेबांनी पण आत्ताच वाचून ठेवावं)

स.न.वि.वि.

आम्ही बारा जण. सगळे मराठी, बहुतेक सगळे मेलबर्नच्या आसपास राहणारे, आणि सगळे कोच. म्हणजे तुमच्यासारखे नाही, तुम्हाला पगार मिळतो. आमची एक फॅन्टसी ड्राफ्ट लीग आहे, त्यात मार्चच्या आधी एका रात्री बसून तुमचे प्लेअर आम्ही आपसात वाटून घेतो, एक प्लेअर एकाकडेच, पहिला नंबर ज्याचा तो दुसऱ्या फेरीत शेवटी उचलतो, आणि मग ऑगस्टपर्यंत दर वीकेंडला दोघा-दोघांची मॅच. तुमचा माणूस मैदानात जे काय करतो त्याचे पॉइंट आम्हाला. किकचे 3, हँडबॉलचे (मुठीने मारून दिलेला पास) 2, मार्क पकडला (किक केलेला चेंडू हवेतच झेलला) की 3, टॅकलचे 4, गोलचे 6, बिहाइंडचा (थोडक्यात चुकलेला गोल) 1, रकमनने हिटआउट केला (वर उडालेला चेंडू थापटला) की 1, फ्री किक मिळाली तर 1 आणि दिली तर वजा 3. बास, एवढ्यावर आमची घरं चालतात असं समजा. चालतात म्हणजे, बंद पडत नाहीत अजून.

मी टार्नीटकर, लीगचा सेक्रेटरी, दर सोमवारी आठवड्याचा वृत्तांत लिहायचं काम माझ्याकडे. ह्या सोमवारी लिहायला बसलो आणि लक्षात आलं की सहाच्या सहा मॅचमध्ये हरलेला माणूस आमच्यापैकी कोणाला शिव्याच देत नाहीये, सगळे तुम्हाला देतायत. म्हटलं मग वृत्तांत पण तुम्हालाच पाठवू. आमच्याकडे नावांची भानगड नको म्हणून सगळे गावाने ओळखले जातात, वेरिबीकर, क्लाइडकर, क्रेगीबर्नकर वगैरे, आणि एक खरा पुणेकर, जो इथली नोकरी सोडून परत गेला पण लीग नाही सोडली.

तर त्याच्यापासूनच सुरू करतो. वेरिबीकर विरुद्ध पुणेकर. रविवारची शेवटची मॅच पर्थला, म्हणजे इथे जेवायची वेळ आणि पुण्यात दुपारी पावणेदोन. आता पुणेकर माणूस रविवारी दुपारी एक ते चार जागा राहतो म्हणजे काय प्रकरण असेल बघा. दोघांचा एकेक प्लेअर खेळायचा बाकी, पुणेकर सोळाने मागे, आणि त्याचा डिफेंडर मागच्या लाइनीत उभा राहून शेजाऱ्याकडून चेंडू घेतोय, मार्क 3, पुढे ढकलला किक 3, परत आला, मार्क 3, परत किक 3. काही होत नाहीये मॅचमध्ये, टीम चार गोलने पुढे, वेळ काढतायत नुसता, प्रेक्षक उठून पार्किंगकडे निघालेत आणि पुण्यात एक माणूस सोफ्यावर उभा आहे. सायरन वाजला तेव्हा वेरिबीकर एका पॉइंटने जिंकला. त्याने ग्रुपवर पेढ्याचे फोटो टाकले. सोमवारी सकाळी उठून बघतो तर आकडे मोजणाऱ्यांनी रात्रीत व्हिडिओ परत बघून त्याच्या माणसाचा एक हँडबॉल शेजारच्या नावावर लिहिलेला. दोन गेले. वेरिबीकर एका पॉइंटने हरला. झोपेत हरला. पेढे ऑफिसमध्ये वाटून झाले होते तोपर्यंत.

ह्यात तुमचा काय दोष, असं म्हणाल. आहे की. वेरिबीकरच्या त्या प्लेअरला तुम्ही शेवटच्या क्वार्टरमध्ये दहा मिनिटं बेंचवर बसवलं, चार गोलने पुढे होता म्हणून. तुमचं झालं हो काम, त्याचं नव्हतं झालं.

आता दुसरी मॅच, माझीच, क्लाइडच्या वहिनींशी. ह्याबद्दल मी थोडक्यात आवरणार होतो पण नाही आवरत. वहिनी नर्स आहेत, ड्राफ्टच्या रात्री त्यांची नाइट ड्यूटी लागली, म्हणून त्यांची टीम ॲपनेच ऑटोमॅटिक निवडली. ॲपने काय करावं, तर त्यांना एकामागोमाग तीन रकमन दिले. आम्ही बाकीचे हसलो, फार हसलो, एकाने स्क्रीनशॉट काढून स्टेटसला ठेवला. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो (हे पत्र आमच्याकडची मंडळी पण वाचणार), रकमन म्हणजे तो दोन मीटरचा माणूस जो चेंडू वर उडाला की उडी मारून खालच्या आपल्या पोराकडे थापटतो. मिडफिल्डर प्रत्येक क्लबात डझनभर मिळतील, पण रकमन असा खरा खेळणारा एकच. म्हणजे अख्ख्या देशात अठरा, त्यात चांगले सहा-सात, मॅक्स गॉनसारखे दिवसभर थापट्या मारून वर मार्क पण घेणारे तर बोटावर मोजण्याइतके. आणि वहिनींच्या घरात तीन! लासलगावच्या व्यापाऱ्याने चाळीत कांदा धरून ठेवावा तसे त्यांनी ते धरून ठेवलेत. मे महिन्यात दोन क्लबांचे रकमन गुडघ्याने गेले तेव्हा भाव असे चढले की ग्लेन वेव्हर्लीकरने एका रकमनसाठी दोन मिडफिल्डर देऊ केले, वहिनींनी विचारलं, "मिडफिल्डर म्हणजे कोणते, पळणारे का?" आणि नाही म्हणाल्या. वहिनी टेबलमध्ये पहिल्या आहेत. मॅच बघत नाहीत. ह्या वीकेंडला मी त्यांच्याकडून हरलो ते त्यांना सोमवारी कळलं, ते पण मी सांगितलं म्हणून.

ह्या पत्रावर सही करणार का विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझी काही तक्रार नाही, छान चाललंय त्यांचं." तेव्हा तुम्ही वाचताना अकराच समजा.

तर आता मुद्द्याची मॅच. जीलाँगकर विरुद्ध पॉइंट कुककर. जीलाँगकर हा आमच्यातला सगळ्यात व्यवस्थित माणूस, ज्याच्याकडे टॅक्सची फाइल एप्रिलमध्ये तयार असते. त्याने गुरुवारी टीमा जाहीर झाल्यावर बघून घेतलं, त्याचा मुख्य मिडफिल्डर नावात आहे. शुक्रवारी परत बघितलं. शनिवारी त्या क्लबाच्या कोच साहेबांची प्रेस कॉन्फरन्स अख्खी ऐकली, बावीस मिनिटांची, त्यात साहेब म्हणाले पोरगा मस्त आहे, ट्रेनिंग झकास झालं. रविवारी मॅचच्या तासभर आधी शेवटची यादी आली आणि पोरगा बाहेर. कारण, अंग दुखतंय. कुठलं अंग? सर्वसाधारण! आणि जीलाँगकरने इमर्जन्सी म्हणून (मुख्य माणूस खेळला नाही तर त्याच्या जागी) जो ठेवला होता तो दुसऱ्या क्लबाचा, त्याला त्याच दिवशी "मॅनेज" केलं, म्हणजे विश्रांती दिली. दोघांचा मिळून भोपळा. बेंचवर बाकीचे जे होते त्यांच्या मॅचा शनिवारीच सुरू होऊन संपलेल्या, एकदा मॅच सुरू झाली की तो प्लेअर लॉक, मग काय, ॲपकडे बघत बसायचं. जीलाँगकरची बायको सांगत होती की त्याने त्या दुपारी गॅरेज झाडून काढलं, न सांगता. हरला तो फक्त सात पॉइंटने. दोन टॅकल केले असते त्या पोराने तर झालं असतं, दुखऱ्या अंगाने.

हेच आमचं गाऱ्हाणं आहे साहेब, बाकी सगळं मिरची-मीठ आहे. तुम्ही माणूस बसवा, आमचं काही म्हणणं नाही, तुमचा माणूस आहे. फक्त कळलं की सांगा. तुम्हाला शुक्रवारीच माहीत असतं. असतंच. कारण त्याच्या जागी जो पोरगा येतो त्याचे आईबाप शनिवारीच दुसऱ्या राज्यातून विमानाने येऊन स्टँडमध्ये बसलेले टीव्हीवर दिसतात, मग ते काय योगायोगाने आले होते का फिरायला?

तुम्ही म्हणाल समोरच्या कोचला कळू नये म्हणून लपवतो. अहो, समोरच्या कोचकडे विश्लेषक आहेत, ड्रोन नसला तरी दुर्बीण असेल, त्याला सगळं कळतं. नाही कळत ते फक्त जीलाँगकरला.

आणि दुखापतीची यादी, दर मंगळवारी येते ती. त्यात "1 आठवडा" लिहिलेला माणूस पुढच्या मंगळवारी पण "1 आठवडा", त्याच्या पुढच्या मंगळवारी पण तेच, कायम एकच आठवडा लांब, सरकारी ऑफिसातला साहेब कायम आत्ताच चहाला गेलेला असतो ना, तसं. "टेस्ट" म्हणजे खेळणार नाही. "टीबीसी" म्हणजे पुढच्या वर्षी. ह्या सगळ्यात डोक्याला मार लागलेल्यांचं तेवढं बरं आहे, म्हणजे त्या पोराचं वाईटच, पण नियम सरळ आहे, कन्कशन झालं की कमीत कमी 12 दिवस बाहेर, 2021 पासून. काही अंदाज बांधायला नको. एवढा एकच नियम आहे ज्यात आम्हाला आणि तुम्हाला एकाच वेळी कळतं.

मागे इतिहास पण आहे ह्याला. 2015 ला शेवटच्या राउंडला नॉर्थ मेलबर्नने एकदम नऊ बदल केले, चांगले चांगले प्लेअर घरी ठेवले, समोर रिचमंड, आणि गंमत म्हणजे पुढच्याच आठवड्यात फायनलमध्ये (इथे सीझननंतरच्या बाद फेरीच्या प्रत्येक मॅचला फायनल म्हणतात) त्याच रिचमंडला त्यांनी हरवलं. फ्रीमँटलने पण त्याच राउंडला तेच केलं होतं. म्हणजे तुमच्या दृष्टीने हुशारीच. पण एवढा आरडाओरडा झाला की लीगने 2016 ला फायनल्सच्या आधी एक आठवडा सगळ्यांनाच सुट्टी देऊन टाकली. तेव्हा ओरडल्याने काही होत नाही असं आम्हाला सांगू नका. आणि पत्र लिहिल्याने तर नक्कीच होतं, कारण तुमचा हा अख्खा खेळच एका पत्रातून आलाय. टॉम विल्स हा क्रिकेटवाला, त्याने 10 जुलै 1858 ला मेलबर्नच्या एका खेळाच्या साप्ताहिकात पत्र छापून आणलं की थंडीत आपली क्रिकेटची पोरं बसून बसून आळसावतात, तर फुटबॉलचा एक क्लब काढा, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात नियम लिहून मोकळे. म्हणजे तुमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या एका तक्रारखोर क्रिकेटरच्या पत्रावर उभ्या आहेत. आणि आम्ही तर बाराच्या बारा तक्रारखोर क्रिकेटवालेच!

असो, वृत्तांत राहतोय. क्रेगीबर्नकर विरुद्ध ट्रुगनीनाकर. क्रेगीबर्नकर इसेंडन क्लबाचा. इतका की ड्राफ्टला पहिले चार प्लेअर इसेंडनचेच उचलले, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. इसेंडनने 2004 नंतर एकही फायनल जिंकलेली नाही, ह्या माणसाची मुलगी त्यानंतर जन्मली, शाळा करून युनिव्हर्सिटीत गेली, पण दर मार्चला हा म्हणतो ह्या वर्षी वेगळं आहे. ह्या वीकेंडला त्याचा क्लब हरला आणि हा पण हरला, दोन्ही एकाच दुपारी, त्याला म्हणे तेच आवडतं, दुःख एकदाच होतं.

त्याच्या उलट ट्रॅरलगनकर. हा कॉलिंगवूडचा, मेंबरशिप, स्कार्फ, सगळं. पण लीगमध्ये त्याच्याकडे कार्लटनचा एक डिफेंडर आहे. आता एमसीजीवर कॉलिंगवूड-कार्लटन, लाख माणसं मावणारं मैदान, हा काळ्या-पांढऱ्या स्कार्फमध्ये कॉलिंगवूडच्या चीअर स्क्वॉडच्या मागे बसलेला. कॉलिंगवूडच्या फॉरवर्डने शॉट मारला, चुकला, बाजूच्या खांबाआड गेला, बिहाइंड, एक पॉइंट. सगळा स्टँड डोकं धरून बसला. आणि हा उभा राहून "यस्स!" कारण असं आहे की बिहाइंड गेला की समोरच्या टीमचा डिफेंडर किक-इन घेतो, आणि तो गोल स्क्वेअरमधून (गोलसमोरच्या चौकटीतून) पळत बाहेर येऊन मारला तर ती किक धरतात, 3 पॉइंट. म्हणजे आपल्या क्लबाने गोल चुकवला की ह्याचं भलं. कॉलिंगवूडने त्या दिवशी बरेच चुकवले. ट्रॅरलगनकर प्रत्येक वेळी उठला. तिसऱ्या वेळी शेजारच्या आजींनी त्याला विचारलं, बाळा, तू नक्की कुठल्या टीमचा. तो जिंकला मॅच, पण आजी परत बोलल्या नाहीत म्हणे.

(हा खेळच मला त्यासाठी आवडतो खरं तर. चुकलात तरी एक पॉइंट देतात. मधल्या दोन उंच खांबांमधून गेला तर सहा, बाजूच्या खांबातून गेला तर एक, प्रयत्न केलास ना बाळ, घे. आमच्या शाळेत गणितात असं असतं तर मी आज इंजिनिअर असतो. म्हणजे आहेच, पण चांगला असतो.)

उरलेल्यांबद्दल लिहिण्यासारखं नाही. ट्रॅरलगनकरकडून हरली ती ग्लेन वेव्हर्लीकरची एक्सेल शीट, त्यात तो स्वतः नसला तरी चालेल असं झालंय आता. आणि बेंडिगोकर आणि शेपर्टनकर दोघांनी मिळून इतके कमी पॉइंट केले की कोण जिंकलं ते त्यांनाच विचारायची इच्छा नाही. एवढंच सांगतो की बेंडिगोकरने गेल्या आठवड्यात जो फॉरवर्ड काढून टाकला त्याने शनिवारी पाच गोल मारले. मेल्या म्हशीला मणभर दूध. त्याला वेव्हरवर (सोडून दिलेल्या प्लेअरांच्या यादीतून) उचलला कोणी, तर वहिनींनी. का उचलला विचारलं तर म्हणाल्या, नाव छान वाटलं.

अजून एक किरकोळ बाब, पोझिशनची. आम्ही फॉरवर्ड म्हणून घेतलेला माणूस तुम्ही मैदानावर विंगवर खेळवता, विंगवरचा मागे नेता, मागचा मिडफिल्डमध्ये, तुमच्या फळ्यावरचे ते मॅग्नेट हात लागून सरकतात का मुद्दाम सरकवता? आणि टॅग. चांगला चाललेला मिडफिल्डर दिसला की त्याच्या मागे एक माणूस लावून द्यायचा, दिवसभर त्याच्या कोपराला चिकटून. आम्हाला कळतं हो ते कशासाठी. 2018 च्या पहिल्याच राउंडला हॉथॉर्नच्या टॉम मिचेलला कॉलिंगवूडने मोकळा सोडला तर त्याने किक आणि हँडबॉल मिळून 54 वेळा चेंडू खेळवला, आजपर्यंतचा रेकॉर्ड. तसं परत होऊ नये म्हणून तुम्ही घाबरता. पण तुम्ही घाबरता आणि इकडे शेपर्टनला एक माणूस जेवत नाही, ह्याचा कुठेतरी विचार व्हावा. टॅगरला तरी कोणी ड्राफ्टमध्ये घेतलेला असतो का? नाही. म्हणजे तो कोणाच्याच कामाचा नाही, फक्त दुसऱ्याचं वाटोळं करायला आलेला, अशी माणसं आमच्या सोसायटीत पण आहेत, त्यांना कोणी जर्सी देत नाही.

तर मागण्या अशा, जास्त नाहीत. बसवायचा ठरलेला माणूस गुरुवारच्या यादीत घालू नका. प्रेसमध्ये "मस्त आहे" म्हणायचं असेल तर मस्त असू द्या, नाहीतर गप्प बसा, गप्प बसल्यावर आमचा आम्ही अर्थ काढू. चार गोलने पुढे असाल तर शेवटच्या दहा मिनिटांत स्टार प्लेअरला विश्रांती देण्याऐवजी मागच्या लाइनीत उभा करा, तिथे पण विश्रांतीच असते आणि दर मिनिटाला सहा पॉइंट. आणि ज्यांच्याकडे दोन तयार रकमन आहेत आणि एक सेकंड टीममध्ये सडतोय त्यांनी त्याला कुठेतरी ट्रेड करा, देशात टंचाई आहे.

तुम्ही म्हणाल आम्ही खऱ्या मॅच जिंकायला बसलोय, तुमच्या ॲपसाठी नाही. बरोबर आहे. दर सोमवारी मॅच हरलेल्या कोचचा चेहरा टीव्हीवर बघतो तेव्हा वाटतं पण, ह्या माणसाची नोकरी जाऊ शकते, आपली फक्त टेबलमधली जागा जाते. पण शुक्रवारी सात चाळीसला पहिला चेंडू उडाला की नाही वाटत. आणि एक गोष्ट तुम्ही पण कबूल करा, दोन तळाच्या टीम, पाऊस, जुलै, निकाल पहिल्या क्वार्टरमध्येच लागलेला, अशी मॅच शेवटच्या सायरनपर्यंत डोळे फाडून कोण बघतं? क्लबाचे मेंबर पण उठून जातात. आम्ही बसतो. कारण तिकडे कोपऱ्यात आमच्या डिफेंडरला अजून एक मार्क मिळायचाय.

उत्तराची अपेक्षा नाही, पण प्रेसमध्ये बोलताना डाव्या कानाला हात लावलात तर आम्ही समजू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
टार्नीटकर, सेक्रेटरी
(बाकी दहा जणांच्या वतीने, वहिनी वगळून)

ता.क. पुढच्या आठवड्यात माझी मॅच जीलाँगकरशी आहे आणि माझे दोन डिफेंडर एकाच क्लबाचे आहेत, कुठल्या ते सांगत नाही, तुम्ही पण सांगत नाही म्हणून. पण ज्या कोणा साहेबांची टीम रविवारी त्यांच्या समोर आहे, त्यांनी आपल्या पोरांना लांबूनच, अवघड कोनातून, वारं असेल तर वाऱ्याविरुद्ध, भरपूर शॉट मारायला सांगावेत. तुम्हाला एकेक मिळेल, मला तीन-तीन.